छोटी वायनरी जगते कशावर?

जानेवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत नाशिकच्या वायनऱ्यांत गाळप चालतं. उत्पादन शुल्क खात्याचं वर्ष संपतं ३१ मार्चला. परवान्याचं नूतनीकरण, साठ्याचा ताळा, लेबलांची फी हे सगळं त्याच दिवसांत येतं. मोठ्या कंपनीत या दोन कामांना दोन वेगळे विभाग असतात, छोट्या वायनरीत बहुतेकदा माणूस एकच. सकाळी सहाला तो क्रेट मोजतो, अकराला फाइल घेऊन कार्यालयात बसतो आणि संध्याकाळी पुण्यामुंबईच्या हॉटेलवाल्यांना थकलेल्या बिलांची आठवण करून देतो. त्याच्याशी वाइनच्या चवीविषयी बोलायचं असेल तर पावसाळ्यात जावं.

आपल्याकडे वाइनचा विषय निघाला की गाडी लगेच दोहोंपैकी एका टोकाला जाते. एकतर ग्लास कसा धरावा, कशाबरोबर काय प्यावं याचे धडे सुरू होतात. नाहीतर घरोघरी दारू पोचवण्याचा डाव म्हणून आरडाओरडा. मधे एक साधा शेतीशी बांधलेला धंदा आहे, तो चाळीस वर्षं पडत-उठत चालला आहे, आणि त्याच्याकडे धंदा म्हणून पाहायला फारसं कुणाला सुचत नाही. मला त्यातला एकच प्रश्न कळीचा वाटतो. वर्षाला लाख-दोन लाख बाटल्यांच्या आत वाइन करणारी वायनरी जगते कशावर? वाइन चांगली करण्यावर, असं उत्तर द्यायला आवडलं असतं. पण चांगली वाइन करणं हा आता सुटत आलेला प्रश्न आहे. अडतं ते विकण्यापाशी, आणि सरकारने इतकी वर्षं हात दिला तो करण्याला.

नारायणगाव ते विंचूर

सुरुवात नाशिकला झाली नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी श्यामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यात नारायणगावला फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याचं तंत्र आणून फेसाळ वाइन करायला घेतली. निर्यातीसाठी ‘ओमर खय्याम’ आणि देशात ‘मार्की द पॉम्पादूर’ अशी नावं. त्याच दशकात पिंपळगाव बसवंतला, शेतकरी संघटनेच्या कांदा आंदोलनामुळे ठाऊक असलेले माधवराव मोरे यांच्या पुढाकाराने ‘पिंपेन’ ही वायनरी उभी राहिली. म्हणजे महाराष्ट्रातल्या वाइनच्या जन्मकथेत एक उद्योगपती आहे आणि एक रस्त्यावर उतरणारा शेतकरी नेता आहे. ‘वाइन हे श्रीमंतांचं खूळ’ म्हणणाऱ्यांनी हा दुसरा माणूस लक्षात ठेवायला हवा.

पिंपेन फार काळ चालली नाही. चौगुल्यांची ‘इंडेज’ मात्र वाढत गेली. नंतर तिने परदेशातल्या कंपन्या विकत घ्यायचा सपाटा लावला, कर्ज डोईजड झालं आणि २०१० च्या सुमारास प्रकरण उच्च न्यायालयात, कंपनी गुंडाळण्यापर्यंत गेलं. तोवर नाशिकची गोष्ट सुरू झाली होती. अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आंबा, गुलाब, खायची द्राक्षं असं बरंच करून पाहिलं आणि १९९७ च्या सुमारास वाइनची द्राक्षं लावली. केरी डॅमस्की हा कॅलिफोर्नियातला जाणकार सोबतीला घेतला. आईच्या सुलभा या नावावरून ‘सुला’ हे नाव ठेवलं आणि २००० मध्ये पहिली बाटली बाजारात आणली. आज देशातल्या द्राक्षवाइनच्या बाजारात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या सुलाचा आहे. छोट्या वायनरीच्या कुठल्याही हिशेबात ही गोष्ट आधी मांडावी लागते.

सुलाची पहिली बाटली आल्यावर पुढच्याच वर्षी राज्य सरकारचं द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण आलं. २००१ चं हे धोरण कागदावर उदारच होतं. दहा वर्षं उत्पादन शुल्क माफ, परवान्याची फी नाममात्र, विक्रीकरात सवलत, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला खास वाइन पार्क. पुढे शुल्कमाफीची मुदत वाढली. २००९ मध्ये वाइन उद्योग प्रोत्साहन योजना आली. तीत २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वायनरीला परत मिळू लागले.

या सवलतींनी वायनऱ्यांची भाऊगर्दी झाली. कोणी द्राक्ष निर्यातदार होता, कोणी साखरेतला, कोणी पुण्यामुंबईतला हौशी गुंतवणूकदार. स्टीलच्या टाक्या इटलीहून आल्या, बँकांनी कर्जं दिली. शेतकऱ्यांशी सात-आठ, कुठे दहा वर्षांचे करार झाले. दोन-चार वर्षांत टाक्या भरल्या. त्या रिकाम्या कुठे करायच्या, हा विचार त्या धोरणात जवळपास नव्हताच. देशात माणशी वर्षाला ग्लासभरसुद्धा वाइन खपत नाही. जी खपते ती मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली आणि गोव्यात. तीही मुख्यतः हॉटेलांत.

मग २००८ उजाडलं. जगभर मंदी आली आणि नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, त्यात नेमकी पंचतारांकित हॉटेलंही सापडली. परदेशी पाहुणे येईनासे झाले. वाइनची सगळ्यात मोठी बाजारपेठ त्या हिवाळ्यात ओस पडली, आणि दोन महिन्यांवर गाळप आलं होतं.

इथे द्राक्षांची एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिच्यावर अडतं. थॉम्पसन किंवा सोनाका या खायच्या द्राक्षांचा भाव पडला तर शेतकऱ्याला हळहळ वाटते, पण माल अगदीच वाया जात नाही. निर्यात नाही जमली तर स्थानिक बाजार आहे, तोही पडला तर शेडवर टाकून बेदाणा करता येतो. कॅबरने सोव्हिन्यॉन किंवा शिराझचं तसं नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया, रस आंबटगोड आणि तुरट. हातगाडीवर कोणी घेणार नाही, बेदाणा होणार नाही. त्या द्राक्षाला जगात एकच गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे वायनरी. बरं, तिच्या अटीही कडक. चव दाट यावी म्हणून एकरी माल मुद्दाम कमी ठेवायचा. त्याची भरपाई करारातल्या भावाने व्हायची. २००९-१० मध्ये वायनऱ्यांनी करार मोडले किंवा पैसे थकवले, तेव्हा शेतकऱ्यांकडे दुसरा दरवाजा नव्हता. अनेकांनी बागेवर कुऱ्हाड चालवली. निफाड-दिंडोरीतल्या जुन्या शेतकऱ्यांपुढे आजही वाइनच्या द्राक्षाचं नाव काढलं की ते आधी विचारतात, पैसे कोण देणार? मला हा प्रश्न कुठल्याही धोरणाच्या मसुद्यापेक्षा नेमका वाटतो.

टाकीच्या खोलीत

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या येतात. ती थंडी वाइनवाल्याच्या पथ्यावर पडते, कारण थंड रात्री द्राक्षातली आंबट चव टिकवून धरतात. युरोपात वेलीला हिवाळ्यात सक्तीची झोप मिळते, वर्षातून एक छाटणी पुरते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी अशी दोनदा कात्री चालवावी लागते. पावसाळ्याला बगल देऊन फळ हिवाळ्यात आणायची ही युक्ती खाण्याच्या द्राक्षांसाठी आपल्या बागायतदारांनी आधीच पक्की केलेली होती. वाइनने ती उचलली.

गाळपाच्या दिवसांत तोडणी पहाटे, कधी रात्रीच दिव्यांच्या उजेडात होते. उन्हं चढल्यावर तोडलेला माल गरम येतो, वाटेतच आंबायला लागतो आणि त्याला थंड करायला जास्त वीज जळते. क्रेट उतरले की कोणीतरी चार-दोन घडांतले मणी चिरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकतो. रसातली साखर मोजायच्या मापाने खाण्याचं द्राक्ष १८ ब्रिक्सला गोड लागतं. इथे २२ ते २४ पाहिजे, कारण २३ ब्रिक्सच्या रसातून साधारण १३ टक्के अल्कोहोलची वाइन होते. मग शेतकरी एकदा काचेत पाहतो, एकदा वाइनमेकरच्या तोंडाकडे. आकडा कमी आला तर काही ठिकाणी भावही कमी होतो. भुरी किंवा फुटलेले मणी दिसले तर क्रेट बाजूला निघतात. बाजूला निघालेल्या क्रेटवर मग जी चर्चा होते, तिच्यात फ्रेंच शब्द एकही नसतो.

पांढऱ्या वाइनचा रस सालीपासून लगेच वेगळा करून १४-१५ अंशांवर दोन-तीन आठवडे आंबवतात. बाहेर मार्चचं छत्तीस अंशांचं ऊन असतं आणि टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड पाणी फिरत असतं. दोन तास वीज गेली तर जनरेटर हवाच. लाल वाइन सालींसकट आंबते, कारण रंग सालीत असतो. वायू सुटला की साली वर येऊन जाड थर धरतात, आणि दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने वर घेऊन त्यांच्यावर ओतावा लागतो, नाहीतर वरचा थर सुकून आंबूस होतो. हे रात्रीही करावं लागतं. मोठ्या कारखान्यात संगणक करतो. छोट्या ठिकाणी शिकाऊ पोरगा गजर लावून उठतो.

हिशेब असा. एक टन द्राक्षांतून साधारण ६५० लिटर वाइन. शंभर टन गाळप केलं तर ६५ हजार लिटर, म्हणजे ८६-८७ हजार बाटल्या. शेतकऱ्याचे पैसे मार्च-एप्रिलमध्ये द्यायचे. मजुरी, वीज, बाटल्या, लेबलं रोखीने. पांढरी वाइन चार-सहा महिन्यांत विकायला निघते, चांगली लाल वर्ष-दीड वर्ष थांबते. त्यातली काही २२५ लिटरच्या ओक पिंपात जाते. ही पिंपं फ्रान्स किंवा अमेरिकेहून येतात, तीन-चार भरणीनंतर त्यांचा स्वाद संपतो, आणि भरलेल्या पिंपातूनही वाइन थोडी थोडी उडत राहते ती वरचेवर भरावी लागते. कॉर्क ओकचं झाड आपल्याकडे नाही, बुचं पोर्तुगालहून. एवढं करून माल हॉटेलात गेला की उधारी दोन-तीन महिन्यांची. म्हणजे या वर्षीच्या द्राक्षाचा पैसा परत येईतो पुढच्या वर्षीचं गाळप दारात उभं राहतं. चांगली वाइन करूनही वायनऱ्या का बुडतात, याचं उत्तर बहुधा इथे आहे. त्यांचं खेळतं भांडवल टाकीत अडकलेलं असतं, आणि बँकेला टाकीतली वाइन तारण म्हणून फारशी रुचत नाही.

दुकानापर्यंतची वाट

दारू हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय, जीएसटीच्या बाहेर. वाइनही त्यातच आली. त्यामुळे नाशिकची बाटली बंगळूरला जायची तर ती जणू दुसऱ्या देशात जाते. तिथलं लेबल नोंदवायचं, दरवर्षी फी भरायची, तिथला वितरक शोधायचा, तिथल्या नियमाप्रमाणे किंमत छापायची. प्रत्येक प्रकारच्या वाइनला वेगळी नोंदणी. वर्षाला दहा लाख बाटल्या विकणाऱ्याला ही फी लिटरमागे पैशांत पडते, दोन हजार बाटल्या विकणाऱ्याला ती नफा खाऊन टाकते. म्हणून छोट्या वायनऱ्या दोन-तीन राज्यांपलीकडे जातच नाहीत. जाहिरात करता येत नाही. दुकानदाराच्या फळीवर जागा मर्यादित, आणि ती त्यालाच मिळते जो सोबत योजना आणि सवलत घेऊन येतो.

या पार्श्वभूमीवर २७ जानेवारी २०२२ चा मंत्रिमंडळाचा निर्णय आठवावा. हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत बंद कपाटात वाइन ठेवून विकायला परवानगी. शाळा आणि देवळांजवळ नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही. वादळ उठलं. देवेंद्र फडणवीसांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून हल्ला चढवला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. सत्ताधाऱ्यांनी उत्तर दिलं ते ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ या धाटणीचं, जे कुणालाही पटणारं नव्हतं आणि पटायचं कारणही नव्हतं. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला आणखी काय म्हणायचं? शेतकऱ्याचा कैवार घेऊन केलेला युक्तिवादही अर्धवटच होता. महाराष्ट्रातल्या एकूण द्राक्षांपैकी वाइनला जाणारा वाटा अगदी छोटा आहे. सुपरमार्केटांनी बागायतदारांचं भलं होईल, हे सरसकट म्हणणं फुगवलेलं होतं. जूनमध्ये सरकार बदललं आणि निर्णय अमलात आलाच नाही.

मला त्या निर्णयात वेगळीच उणीव दिसली. मोठ्या सुपरमार्केटच्या कपाटात कोणाच्या बाटल्या गेल्या असत्या? ज्यांचं वितरणाचं जाळं आधीच आहे त्यांच्या. छोट्या वायनरीला त्या कपाटात एक ओळ मिळाली असती तरी नशीब.

तिला खरी गरज थेट गिऱ्हाइकाकडे जाण्याची आहे. या बाबतीत अमेरिकेतला एक खटला पाहण्यासारखा आहे. व्हर्जिनियातल्या मिडलबर्ग गावी हुआनिता स्वीडनबर्ग या बाईंची लहानशी वायनरी होती. येऊन चव घेणारे न्यूयॉर्कचे पाहुणे घरी पेटी पाठवायला सांगत, आणि न्यूयॉर्कच्या कायद्याने परराज्यातल्या वायनरीला तसं पाठवता येत नसे. त्या राज्यातल्या वायनऱ्यांना मात्र येत असे. बाई कोर्टात गेल्या. मिशिगनमधल्या अशाच एका प्रकरणासोबत तो खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि मे २००५ मध्ये ‘ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड’ या निकालात पाच विरुद्ध चार मतांनी हा भेदभाव घटनाबाह्य ठरला. मद्यावर बंधनं घाला, पण ती घरच्या आणि बाहेरच्या वायनरीला सारखी घाला, असा त्याचा मथितार्थ. त्यानंतर एकेका राज्याने वय तपासून, कर घेऊन, प्रमाण ठरवून थेट पाठवणीला वाट करून दिली. तिथल्या अनेक छोट्या वायनऱ्या आज मुख्यतः या वाटेवर आणि आपल्या वाइन चाखवणाऱ्या चवघराच्या काउंटरवर जगतात.

आपल्याकडे टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्राने मद्य घरपोच द्यायला परवानगी दिलीच होती. सोय म्हणून जे चाललं ते छोट्या वायनरीसाठी, ठरावीक बाटल्यांपुरतं, पक्कं का करू नये याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

करांच्या बाबतीत मात्र सरकारने वाइनला सांभाळून घेतलं आहे. व्हॅट परताव्याची योजना मधे बंद पडली होती, परतावा वर्षानुवर्षं थकायचाही, पण जानेवारी २०२४ मध्ये तिला पाच वर्षांची मुदत मिळाली. जून २०२५ मध्ये इतर मद्यावरचं शुल्क जबर वाढलं तेव्हा वाइन आणि बिअर वगळली गेली. हे सगळं स्वागतार्ह. फक्त परतावा विक्रीवर मिळतो. ज्याची विक्री मोठी त्याला मोठा.

दारात येणारं गिऱ्हाईक

जगलेल्या छोट्या वायनऱ्यांकडे पाहिलं तर एक गोष्ट सारखी दिसते. त्यांनी गिऱ्हाइकाला आपल्या दारात आणलं. इगतपुरीजवळ कावनईला शैलेंद्र पै यांची ‘व्हॅलोने’ आहे. मद्य उद्योगात नोकरी केलेल्या माणसाने धरणाच्या पाण्याकडे तोंड करून उभारलेली ही छोटी वायनरी. चार खोल्या, एक जेवणघर, आणि घड वाळवून केलेली गोड शेनिन ब्लां. निफाडजवळ यतिन पाटलांची ‘रेव्हिलो’ ग्रिलो आणि नेरो डावोला ही सिसिलीची द्राक्षं नाशिकच्या मातीत करते. दुसरं कोणी करत नाही ते करायचं, हेही जगण्याचं साधन आहे. नाशिकबाहेर अकलूजला ‘फ्रातेल्ली’ आहे. तिला छोटी म्हणता येणार नाही, पण मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरच्या भावांनी मिळून, पिएरो मासी या तस्कनीच्या वाइनमेकरला सोलापूर जिल्ह्यात आणून उभी केलेली. सोलापूरच्या उन्हात सांजोव्हेसे पिकेल, असं आधी कोण म्हणालं असतं?

चवघर चालवणं मात्र वेगळा धंदा आहे. शनिवार-रविवारी गंगापूर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. येणाऱ्यांतले बरेच फोटोसाठी आलेले असतात. पाच प्रकार थोडेथोडे चाखून एक बाटली घेतात, कधी तीही नाही. तरी त्या एका बाटलीवर वितरकाचं आणि दुकानदाराचं कमिशन नसतं, उधारी नसते. आणि कधी वाइन न चाखलेल्या कितीतरी जणांनी पहिला घोट याच काउंटरांवर घेतला, हे श्रेय सुलापासून सगळ्यांना द्यायला हवं.

जे टिकले नाहीत ते विकले गेले. गंगापूर धरणाकाठची ‘यॉर्क’ ही गुरनानी कुटुंबाची वायनरी, तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलेली. ऑस्ट्रेलियात शिकून आलेले कैलास गुरनानी तिथे वाइन करत आणि तिला नावही चांगलं होतं. २०२१ मध्ये ती सुलाने घेतली. २०२४ मध्ये ‘एन. डी. वाइन्स’ही सुलाकडे गेली. कर्नाटकातली ‘ग्रोव्हर’ आणि इगतपुरी तालुक्यातली ‘झाम्पा’ २०१२ मध्ये एक झाल्या, त्या कंपनीने पुढे दिंडोरीची ‘चारोसा’ घेतली. याला अपयश म्हणावं का? बुडीत जाऊन शेतकऱ्यांचे पैसे थकवण्यापेक्षा वेळेवर विकून मोकळं होणं केव्हाही बरं. पण अशा प्रत्येक विक्रीनंतर द्राक्षाला बोली लावणारा एक कमी होतो, आणि ज्या पिकाला एकच प्रकारचं गिऱ्हाईक आहे तिथे हे परवडत नाही. मोठ्यांनाही सारं सुखाचं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुलाचा शेअर ३५७ रुपयांनी विकला गेला, २०२४ च्या सुरुवातीला सहाशेच्या वर गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा विक्रीच्या किमतीखाली आला.

द्राक्ष सोडून दुसऱ्या फळांकडे किंवा मधाकडे वळलेल्यांचा उल्लेख ओघात करतो. पालघर जिल्ह्यात बोर्डीला प्रियांका सावे चिकूची फेसाळ वाइन करतात, नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांची ‘सेराना’ मधापासून मीड हे मद्य करते. नाव सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावावरून. हे प्रयोग लहान आहेत, पण चिकूला आणि मधाला वायनरीखेरीजही गिऱ्हाईक आहे. हंगाम फसला तर शेतकरी रस्त्यावर येत नाही.

जगात वाइन उतू जाते आहे

आता सीमेपलीकडे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगात सुमारे २,१४० कोटी लिटर वाइन प्यायली गेली. १९६१ नंतर इतकी कमी कधीच नव्हती. उत्पादनही हवामानाच्या तडाख्याने साठ वर्षांतलं नीचांकी, तरी खपापेक्षा जास्तच. तरुण पिढी कमी पिते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की मद्याचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी कर्करोगाशी त्याचा संबंध ठळकपणे मांडला. ‘लाल वाइन हृदयाला चांगली’ हे आपल्याकडच्या विक्रेत्यांचं लाडकं वाक्य आता गुंडाळून ठेवावं.

बोर्दोमध्ये २०२३ मध्ये वेली उपटायला हेक्टरी ६,००० युरो देण्यात आले, सुमारे साडेनऊ हजार हेक्टरांसाठी. त्याच वर्षी फ्रान्सने उरलेली वाइन विकत घेऊन औद्योगिक अल्कोहोल करायला २० कोटी युरो काढले. ऑस्ट्रेलियाचा माल चीनने २१८ टक्क्यांपर्यंत शुल्क लावून अडवला होता. मार्च २०२४ मध्ये वाट खुली झाली तोवर तिथल्या टाक्या तुंबल्या होत्या. निफाडच्या ज्या शेतकऱ्याने २०१० मध्ये बाग तोडली, त्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. फरक इतकाच, बोर्दोवाल्याला तोडायचे पैसे मिळाले.

ही वाइन कुठेतरी जाणारच. भारतात आयात वाइनवर १५० टक्के शुल्क आहे, त्या भिंतीआड आपला धंदा वाढला. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाच्या करारात पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं शुल्क १०० टक्क्यांवर आलं, दहा वर्षांत ते ५० होईल. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीवर ७५ वरून २५. स्वस्त वाइन यातून वगळली, हे शहाणपणाचं. पण छोट्या वायनऱ्या जगतात त्या स्वस्त वाइनवर नाही. दीड-दोन हजारांच्या बाटलीवर जगतात, आणि परकी वाइन उतरणार ती नेमकी त्या फळीवर. युरोपाशी झालेल्या वाटाघाटींतही वाइन हा कळीचा विषय होता.

त्यात २०२५ चा पाऊस. मे महिन्यातच अवकाळी सुरू झाला, मोसमी पाऊस २६ मेला मुंबईत पोचला आणि मग उसंत मिळालीच नाही. खरड छाटणीनंतर मे-जूनमध्ये काडीवरच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होत असतो. त्याला ऊन लागतं. ढगाळ हवेत घडाऐवजी नुसती बाळी तयार होते. ऑक्टोबरात छाटल्यावर फूट येते, पानं येतात आणि घड दिसत नाहीत. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी हेच पाहिलं, आणि वरून ऑक्टोबरअखेरच्या पावसाने डावणीचा रोग आला. असा माल कमी असलेल्या वर्षी खाण्याच्या द्राक्षाला भाव चढतो. करारातल्या ठरलेल्या दराने शिराझ देणारा शेतकरी शेजारच्याची पट्टी पाहतो आणि मुलाशी बोलतो, की खुंट तोच ठेवून वर दुसरं कलम बांधलं तर?

ते कलम बदलायला एक हंगाम पुरतो. शिराझ पुन्हा लावून गाळपाजोगा माल यायला दोन-तीन वर्षं जातात. म्हणून छोट्या वायनरीला एप्रिलच्या छाटणीआधी शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून पुढच्या पाच वर्षांचा दर बोलावा लागतो. त्या पाच वर्षांत आपली वाइन कुठल्या राज्यात, कुठल्या दुकानात, घरपोच की दारातच विकता येणार आहे, हे तिला त्या दिवशी ठाऊक नसतं.